आधी मांडव, मग बी



रोहिणी सरत आली. आठवडाभरात मृग निघेल आणि घरोघर परसात वेलांचं बी टोचायची घाई सुरू होईल. दोडका, पडवळ, कारलं, दुधी, घोसाळं, काकडी. माझं आजचं सांगणं एवढंच आहे, की हे बी मातीत जाण्याआधी मांडव उभा राहिला पाहिजे. बहुतेक घरी उलटं होतं. वेल हातभर वाढून जमिनीवर लोळायला लागला, की मग काठ्यांची शोधाशोध होते. तोवर त्याचे तणावे शेजारच्या गवताला आणि स्वतःच्याच देठांना गुंडाळलेले असतात. ते सोडवताना शेंडा मोडतो, मेढीसाठी खड्डा खणताना मुळं तुटतात. काकडीवर्गातल्या या साऱ्या वेलांना मुळांना लागलेला धक्का सोसत नाही. म्हणून तर त्यांचं बी शक्यतो जागेवरच लावतात.

तणावा म्हणजे पानाच्या बगलेतून निघणारा तो हिरवा, दोऱ्यासारखा अवयव. त्याच्याकडे एकदा निवांत बघा. आधार सापडेपर्यंत तो हवेत हळूहळू गोल फिरत असतो. कशाला तरी टेकला, की स्पर्शाच्या बाजूला वळतो आणि विळखा घालतो. अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांनी 1858 मध्ये याच कुळातल्या एका वेलाच्या तणाव्यांवर छोटं टिपण लिहिलं. ते वाचून चार्ल्स डार्विन यांना इतकं कुतूहल वाटलं, की त्यांनी ग्रे यांच्याकडून आलेलं बी घरी लावलं, आणि पुढं चढणाऱ्या वनस्पतींवर अख्खा ग्रंथ लिहिला. त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट आपल्या मांडवावरही दिसते. आधार पकडल्यावर तणाव्याचा मधला भाग स्वतःभोवती पिळत जातो. दोन्ही टोकं अडकलेली असल्यामुळं अर्धा पीळ उजवा पडतो, अर्धा डावा, आणि मधे छोटासा सरळ तुकडा राहतो. त्याची स्प्रिंग तयार होते. वारा आला की ती ताणली जाते, पण तुटत नाही. सोसाट्याच्या वाऱ्यात कुंपणावरचा असा एक वेल कसा तग धरतो, हे बघायला डार्विन मुद्दाम घराबाहेर पडले होते.

मांडव कसा असावा, याचं उत्तर या तणाव्यातच आहे. त्याला बारीक आधार लागतो. जाड बांबूला किंवा गुळगुळीत प्लॅस्टिकच्या नळीला तो विळखा घालू शकत नाही. लोक भक्कम खांब उभा करतात, वेल चढत नाही म्हणून हळहळतात, आणि दोष बियाण्याला देतात. खांब वजन पेलण्यासाठी असतो. चढण्यासाठी त्याच्या बाजूनं काथ्या किंवा सुतळी सोडायची, नाहीतर फांद्या असलेली वाळकी काठी रोवायची. सुतळीचं खालचं टोक जमिनीत खुंटी मारून तिला बांधावं, वेलाच्या खोडाला आवळून बांधू नये. खोड जाड होतं आणि गाठ त्यात रुतते.

घरच्या मांडवाला चार मेढी पुरतात. त्या दीड-दोन फूट जमिनीत जाऊ द्या आणि कोपऱ्यांना तिरके ताण द्या. ऐन श्रावणात पानांनी भरलेला, पावसानं भिजलेला मांडव किती जड होतो याचा अंदाज जूनमध्ये येत नाही. मांडव कोसळला तर त्या वर्षीचं पीक संपलं असंच समजा. उंची साधारण सहा फूट ठेवा. खालून उभं राहून चालता आलं पाहिजे आणि हात वर केला की फळ लागलं पाहिजे. वर बांबूच्या कांबी किंवा तार हात-दीड हाताच्या अंतरानं आडवी-उभी बांधली की झालं. कोकणात भरपूर पाऊस असतो, तिथं पावसाळ्यात खोलगट आळं करू नका. मातीचा उंचवटा करून त्यावर बी लावा, म्हणजे मुळाशी पाणी साचणार नाही. देशावर मात्र आळंच बरं. बी रात्रभर पाण्यात भिजवा, कारल्याचं तर नक्कीच, कारण त्याचं कवच टणक असतं. एका जागी तीन-चार बिया टोचा आणि रोपं तरारली की त्यातली जोमदार तेवढी ठेवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा कोकण हरिता दोडका, कोकण तारा कारलं आणि कोकण श्वेता पडवळ हे वाण किनारपट्टीसाठीच काढलेले आहेत. घाटावर राहुरीचा फुले सुचेता दोडका लावून बघा.

वेल मांडवाला पोचेपर्यंत त्याला एकच खोड ठेवायचं. बगलेतून येणारे फुटवे खुडत राहायचे. मन धजत नाही, हे मला माहीत आहे, पण खुडायचे. मांडवावर पोचला की मग शेंडा खुडायचा. आता फुटवे आडवे पसरतील आणि दुधीसारख्या वेलावर मादी फुलं जास्त करून या फुटव्यांवरच येतात.

फुलांविषयी मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण पत्रं येतात ती बहुतेक याचविषयी. वेलाला फुलं येतात आणि गळून जातात, काय औषध मारू? काही मारू नका. या वेलांवर नर फुलं वेगळी असतात आणि मादी फुलं वेगळी. आधी येतात ती नर फुलं. ती एक दिवस फुलतात आणि गळतात, त्यांचं काम तेवढंच. मादी फूल ओळखायला सोपं आहे. पाकळ्यांच्या मागं, देठाशी, इवलंसं फळ आधीपासूनच असतं. दोडक्याचा छोटा दोडका, कारल्याचं छोटं कारलं. हे इवलं फळ पिवळं पडून गळलं, तर परागकण पोचले नाहीत असं समजायचं.

आणि इथं वेळ कळायला हवी. कारलं, काकडी, घोसाळं, भोपळा यांची पिवळी फुलं सकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या येतात. दुधी आणि पडवळ यांची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, ती रात्रीच्या पतंगांसाठी. दोडक्याचं फूल पिवळं असूनही संध्याकाळचंच. दिवेलागणीच्या वेळी मांडवाखाली उभं राहा, डोळ्यांदेखत फुलं उघडताना दिसतील. पडवळाच्या फुलाच्या पाकळ्यांना असलेली ती पांढरी तंतूंची झालर दिवसा बघणाऱ्याला कधी नीट दिसतच नाही. शहरात, गच्चीवर, माश्या आणि पतंग कमी असतील तर हे काम आपण करायचं. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका आणि मधला परागांचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. दुधीसाठी संध्याकाळी, काकडीसाठी सकाळी. आणि मांडवावर कीटकनाशक फवारायची वेळ आलीच, तर त्या वेलाची फुलं मिटलेली असताना फवारा. उमललेल्या फुलांवर फवारणं म्हणजे आपल्याच फळावर घाव घालणं आहे.

फळ लोंबकळू लागलं की मांडवाचा खरा उपयोग दिसतो. जमिनीवर पडलेला दोडका वाकडा होतो, मातीला टेकलेली बाजू पांढरट राहते, पावसात सडते. मांडवावरचा स्वतःच्या वजनानं सरळ वाढतो. पडवळाला तेवढंही पुरत नाही, म्हणून त्याच्या टोकाला दोऱ्यानं लहानसा दगड बांधायची रीत आहे. लाल भोपळा जाळीवर चढवलात तर प्रत्येक फळाला जुन्या कापडाची झोळी द्यावी लागेल.

दुसरा उपयोग म्हणजे नजर पोचते. फळमाशी कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते, अळ्या गर खातात, फळ त्या जागी वाकतं आणि सडतं. लोंबकळणारं फळ खालून चहूबाजूंनी दिसतं, डागी फळ लगेच काढता येतं. ते कोपऱ्यात फेकू नका. अळी मातीत शिरून कोष करते आणि माशी होऊन पुन्हा तुमच्याच मांडवावर येते. फळ खोल पुरा, किंवा पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाका. क्यू ल्यूरचा सापळा कृषी सेवा केंद्रात मिळतो, तो नर माश्या ओढतो, पण पडलेली फळं गोळा केल्याशिवाय एकट्या सापळ्यानं भागत नाही. फळ अगदी लहान असताना कागदाची पिशवी चढवणं हा घरच्या मांडवासाठी मला सगळ्यात पटलेला उपाय आहे.

एक धोक्याची सूचना. दुधी चिरल्यावर छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून द्या आणि सगळी फळं टाका. त्या कडवटपणात विषारी द्रव्य असतं, शिजवून ते जात नाही. त्याचा रस तर मुळीच पिऊ नये, त्यानं माणसं दगावलेली आहेत.

मृगावर लावलेला दोडका पन्नास-साठ दिवसांत तोडणीला येतो, पडवळाला थोडे अधिक लागतात. म्हणजे ऋषिपंचमीला भाजी तयार. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून परसातला दोडका, पडवळ, भोपळा, अळू यांनाच त्या भाजीत मान आहे. कोकणात आणि गोव्यात गणपतीवर बांधायच्या माटवीलाही यातलीच फळं लागतात. ती बाजारातून आणावी लागू नयेत असं वाटत असेल, तर मेढी याच आठवड्यात रोवा.

दिवाळीच्या सुमारास वेल वाळतील. बियाण्यासाठी बुंध्याजवळचं एखादं चांगलं फळ वेलावरच पूर्ण वाळू द्या. घोसाळ्याचं वाळकं फळ अंग घासायलाही होतं. सुतळी-काथ्यासकट वेल खतखड्ड्यात घाला, रोगट भाग मात्र जाळा. मेढी काढू नका. त्याच मांडवावर हिवाळ्यात वाल किंवा घेवडा चढवा, आणि तिथल्या मातीत पुन्हा काकडीवर्गातलं काही लगेच लावू नका.