नोबिताचें शेत

शिरूर अनंतपाळ हें लातूर जिल्ह्यांतील एक तालुक्याचें गांव. त्याच जिल्ह्यांत शिरूर ताजबंद म्हणून दुसरेंहि एक शिरूर आहे. तेव्हां परक्याची गफलत होऊं नये म्हणून नांव पुरतें उच्चारलेलें बरें. भोंवतालीं काळी जमीन, खरिपांत सोयाबीन आणि तूर, पाण्याची भिस्त थोडी घरणीच्या तलावावर व फार मोठी आकाशावर. अशा गांवच्या एखाद्या मुलाला “नोबिता कोण?” म्हणून विचारून पाहा. क्षणाचाहि विलंब न लावतां तो उत्तर देईल, आणि त्या उत्तरांत निम्मे शब्द हिंदी असतील. २००५ सालापासून नोबिता व त्याचा सोबती डोरेमॉन हे आपल्याकडील दूरचित्रवाणीवर हिंदींतच बोलत आले आहेत. मराठी घरांतील कितीतरी मुलांचा हिंदीचा पहिला गुरु शाळेंतला नसून हा निळा मांजरोबा आहे.

हीं पात्रें निर्माण केलीं हिरोशी फुजिमोतो या जपानी चित्रकारानें. ‘फुजिको एफ. फुजिओ’ या टोपणनांवानें तो प्रसिद्ध आहे. त्याचा जन्म १९३३ चा, मृत्यु १९९६ चा. १९७० च्या जानेवारी अंकांपासून मुलांच्या मासिकांतून ही चित्रकथा येऊं लागली. बाविसाव्या शतकांतील एक यंत्रमानव, आकारानें मांजरासारखा, काळ ओलांडून मागें येतो आणि आळशी, भित्र्या, गणितांत हटकून नापास होणाऱ्या नोबिताच्या घरीं राहतो. त्याच्या पोटावर एक खिसा आहे आणि त्यांतून हवें तें यंत्र निघतें. डोक्यावर बसविलें कीं उडविणारी भिंगरी, उघडतांच हव्या त्या ठिकाणीं पोंचविणारा दरवाजा, अशीं नाना उपकरणें. विज्ञानकथेला इंग्रजींत ज्या दोन आद्याक्षरांनीं ओळखतात, त्या ‘एस. एफ.’ चा अर्थ फुजिमोतो ‘सुकोशी फुशिगी’, म्हणजे ‘थोडेसें नवल’, असा लावीत असे. मला ही व्याख्या फार आवडते. अवकाशयानें आणि महायुद्धें यांच्यावांचूनहि विज्ञानकथा उभी राहते, हें त्या दोन शब्दांत आलें आहे.

या कथांची खरी खुबी अशी कीं खिशांतलें यंत्र नोबिताला शेवटीं उपयोगीं पडत नाहीं. एक उदाहरण सांगतों. लातूरकरांना तें विशेष रुचेल. परीक्षेच्या आदल्या रात्रीं डोरेमॉन पावाच्या कांहीं चकत्या काढतो. पुस्तकाच्या पानावर चकती दाबावयाची, अक्षरें तिच्यावर उमटतात, आणि ती खाल्ली कीं पान मुखोद्गत! नोबिता खात सुटतो, त्याचें पोट बिघडतें, आणि केलेलें सारें पाठांतर पोटाबरोबर रिकामें होतें. ‘लातूर पॅटर्न’ या नांवानें ज्या जिल्ह्याची परीक्षेची तयारी महाराष्ट्रभर गाजली, तेथील पालकांनीं ही गोष्ट मुलांच्या शेजारीं बसून एकदां पाहावी.

आतां ज्यासाठीं हें सांगितलें त्या मुद्द्याकडे वळतों. चित्रकथेवरून खेळ करावयाचा म्हणजे वाचकाला पात्राच्या जागीं बसवावयाचें. कथेंत नोबिता चुकतो आणि आपण हंसतों. खेळांत चुकतों ते आपणच. पुष्कळ खेळ करणाऱ्यांनीं या अडचणीला सोपी बगल दिली. हडसन या जपानी कंपनीनें १९८६ सालीं फॅमिकॉम या खेळयंत्रासाठीं डोरेमॉनचा खेळ काढला. तो चित्रपटांतील साहसांवर बेतलेला होता. साहसांत धांवावयाचें, शत्रु टाळावयाचे, वस्तु गोळा करावयाच्या. त्यांत नोबिताचा आळस कोठें बसणार? पात्राचें नांव आलें, चेहरा आला, स्वभाव मात्र बाहेर राहिला.

२०१९ सालीं निघालेला खेळ मात्र निराळ्या जातीचा आहे. १९९६ पासून जपानांत ‘बोकुजो मोनोगातारी’, म्हणजे ‘कुरणाची गोष्ट’, या नांवाची शेतीच्या खेळांची एक मालिका चालत आली आहे. तिच्याशीं डोरेमॉनची सोयरीक जुळविली. मुलांना एक चमत्कारिक बीं सांपडतें, तें पेरतांच वादळ उठतें, आणि सर्वजण एका अनोळखी मुलखांत जाऊन पडतात. गडबडींत डोरेमॉनचीं यंत्रें हरवतात. त्या गांवीं मुलांनींहि काम करावें अशी रीत असल्यामुळें नोबिताच्या वांट्यास एक पडीक शेत येतें. दगड वेंचावयाचे, जमीन खणावयाची, बीं टाकावयाचें, रोज झारीनें पाणी घालावयाचें. चित्रें जलरंगांत काढल्यासारखीं, डोळ्यांना निववणारीं. आणि नोबिताचा स्वभाव? तोहि सुटलेला नाहीं. दमला कीं तो कोठेंहि आडवा होतो आणि डुलकी काढून ताजातवाना उठतो! खिसा रिकामा केला आणि हातीं कुदळ दिली, तेव्हांच या कथेला खेळांत खरें रूप मिळालें, असें माझें मत आहे.

तथापि हें शेत शिरूर अनंतपाळच्या वेशीशीं आणून पाहिलें पाहिजे. खेळांतील तळ्याचें पाणी सरत नाहीं. पाऊस पडला तर त्या दिवसाचें शिंपणें वांचतें, एवढाच त्याचा हिशेब. लातूरनें २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें आलेलें पिण्याचें पाणी पाहिलें आहे. पहिल्या गाडीचे डबे दहा आणि पाणी सुमारें पांच लक्ष लिटर. त्याच मराठवाड्यानें सप्टेंबर २०२५ मध्यें काढणीला आलेलें सोयाबीन पुराखालीं जातांना पाहिलें. खेळांत माल पेटींत टाकला कीं ठरलेला पैसा हातीं पडतो. येथें २०२४-२५ च्या हंगामासाठीं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला, आणि त्या सुगींत बाजारांतला दर बहुधा त्याच्या खालींच राहिला. अडत, हमाली, तोलाई या शब्दांना त्या खेळांत जागाच नाहीं.

म्हणून तो खेळ खोटा म्हणावा काय? मी तसें म्हणणार नाहीं. शहरांतल्या मुलाला त्यानें एवढें तरी शिकविलें कीं पीक रोजच्या हातानें वाढतें आणि ऋतु पालटला कीं चुकलेला पेरा वायां जातो. हेंहि कांहीं थोडें नव्हे. माझी चिंता दुसरीकडची आहे. ज्या मुलाचा बाप खरोखरीच शेत करतो, त्याला पडद्यावरचें शेत गोड आणि घरचें शेत लाजिरवाणें वाटूं लागलें तर? आपल्याकडे ‘शिक, नाहीं तर शेतांत राबशील’ हें वाक्य आईबापांच्याच तोंडीं असतें. जपानी मुलाला जी गोष्ट सुटीचें स्वप्न म्हणून देतात, तीच आपण मुलाला शिक्षा म्हणून दाखवितों. मग त्यानें पडद्यावरचें शेत निवडलें तर त्याला बोल कसा लावावा?

उपाय पडदा बंद करण्यांत नाहीं. पुण्याच्या एका मंडळीनें २०२० सालीं ‘राजी’ नांवाचा खेळ जगाच्या बाजारांत आणला. त्याची भूमि आपल्याच पुराणकथांची. तेव्हां महाराष्ट्रांत हा धंदा करणारे हात आहेत. त्यांच्यापैकीं कोणी तरी कोरडवाहू शेतीचा खेळ मराठींत करावा, अशी माझी फार इच्छा आहे. त्यांत मृगाची वाट असावी, तिफण असावी, आडतीची पट्टी असावी, बांधावरून शेजाऱ्याशीं तंटा असावा. नोबितासारखा एखादा आळशी पोरगाहि अवश्य असावा. आणि २०२० सारखें एक सालहि त्यांत घालावें. त्या खरिपांत मराठवाड्यांतील हजारों शेतकऱ्यांनीं विकत आणलेलें सोयाबीनचें बियाणें जमिनींत टाकलें आणि तें उगवलेंच नाहीं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें आपण होऊन त्याची दखल घेतली. त्या जपानी खेळांत पेरलेलें बीं पाणी घातलें कीं उगवतेंच. दुबार पेरणीला त्यांत शब्दच नाहीं. आपल्या खेळांत तो पहिल्याच वर्षीं यावा, आणि दुसऱ्या वेळचें बियाणें कोठून आणावयाचें हा प्रश्न खेळणाऱ्या पोराला पडावा.