कूसाचा निकोलस आणि जोर्दानो ब्रूनो



रोममधील काम्पो दे फिओरी या चौकात सकाळी भाजी-फुलांचा बाजार भरतो. त्या गजबजाटात संन्याशाच्या वेषातील एक पुतळा उभा आहे. तो १८८९ साली उभारला गेला. याच जागी १७ फेब्रुवारी १६०० रोजी जोर्दानो ब्रूनो या तत्त्वचिंतकाला जिवंत जाळण्यात आले.

पृथ्वी फिरते असे म्हटल्याबद्दल ब्रूनोला जाळले, अशी एक प्रचलित समजूत आहे. ती अपुरी आहे. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला. रोमने त्यावर बंदी घातली ती १६१६ मध्ये, म्हणजे ब्रूनोच्या मृत्यूनंतर.

त्याहीपूर्वी, १४४० मध्ये, कूसाच्या निकोलसने आपल्या ग्रंथात लिहिले होते की, विश्वाला मध्य नाही आणि परिघही नाही. पृथ्वी स्थिर नाही. निकोलसला शिक्षा झाली नाही. उलट पुढे तो कार्डिनल झाला!

मग ब्रूनोच्याच वाट्याला अग्नी का आला?

पहिले कारण विचारातले. निकोलसने विश्वाला सीमा नाकारली, पण ईश्वराला विश्वाहून वेगळे व श्रेष्ठ राखले. १५८४ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या संवादांत ब्रूनोने ही रेषा पुसट केली. कारण अनंत असेल तर कार्यही अनंतच असले पाहिजे. जडद्रव्य मृत नाही, त्यात चैतन्य आहे. ईश्वर निसर्गाच्या अंतरंगात आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्रैक्य आणि ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांविषयीच्या त्याच्या शंकाही आरोपपत्रात होत्या.

दुसरे कारण काळातले. १५१७ नंतर युरोपातील ख्रिस्ती जगत दुभंगले. १५४२ मध्ये रोममध्ये इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची, नव्याने स्थापना झाली. भयग्रस्त धर्मसत्तेला प्रत्येक प्रश्न बंडासारखा भासू लागला. हे केवळ रोमपुरते नव्हते. जिनिव्हातील कॅल्व्हिनपंथीयांनी आणि हेल्मश्टेटच्या ल्यूथरपंथीयांनीही ब्रूनोला बहिष्कृत केले होते.

१५९२ मध्ये व्हेनिसमध्ये यजमानानेच त्याच्याविरुद्ध तक्रार केली. जवळजवळ आठ वर्षांच्या बंदिवासानंतरही त्याने आपली मते मागे घेण्यास अखेर नकार दिला. १६०३ मध्ये त्याचे सर्व ग्रंथ निषिद्ध ठरले.

ब्रूनोपाशी दुर्बीण नव्हती, गणिताचा पुरावाही नव्हता. त्याची काही अनुमाने पुढे खरी ठरली, काही नाही. परंतु विचारस्वातंत्र्याचा हक्क अनुमान अचूक ठरण्यावर अवलंबून असेल, तर तो हक्कच उरत नाही. २००० साली व्हॅटिकनने या मृत्यूबद्दल खेद व्यक्त केला. त्याचे विचार मात्र स्वीकारले नाहीत. मतभेद कायम राखूनही माणूस जिवंत ठेवता येतो, हे उमगण्यास चारशे वर्षे लागली.