ताठ आणि ताठा
(नगरमध्ये तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज दोनच शब्दांवर बोलणार आहे. ताठ आणि ताठा. फरक एका कान्याचा. पण या कान्यापायी आपली माणसं मार खात आलीत.

माझा आज्जा नेवासे तालुक्यातला. चावडी आली की पायातली वहाण काढून काखेत धरायचा, वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचा. गाव म्हणायचं, म्हातारा गुणाचा. पुढं मी कॉलेजात गेलो. सुट्टीत बूट घालून त्याच चावडीपुढून निघालो. शिवी दिली नाही, कुणाला धक्का मारला नाही. नुसता चाललो. पारावरनं आवाज आला, 'लई ताठा आलाय रं!' मागनं पाटलाचा पोरगा मिशीला पीळ देत आला. त्याला म्हणाले, 'बघा, गडी कसा ताठ चालतोय!'

चाल एकच, शब्द दोन. कुठला शब्द कुणाला, हे चाल बघून ठरत नव्हतं. जात बघून ठरत होतं.

व्याकरण बघा. ताठ हे विशेषण. कणा कसा आहे, एवढंच सांगतं. ताठा हे नाम, दुर्गुणाचं नाव. म्हणून ताठ मानेनं जगायचं असतं आणि ताठा उतरवायचा, जिरवायचा असतो. आमच्या चालीला ताठा म्हटलं, की मारायचा परवाना भाषेतच निघाला. काठी मागनं येते.

ती येतेच. याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात, २८ एप्रिल २०१४ रोजी आपल्या १७ वर्षांच्या शाळकरी पोराचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढा संशय पुरला.

अॅट्रॉसिटी कायदा १९८९ चा. २०१५ साली त्यात दुरुस्ती झाली. दलिताला चारचौघांत पायताण, नवे कपडे घालायला, सायकल-मोटारसायकलवर बसायला, लग्नात घोड्यावर बसायला अडवणं हा गुन्हा ठरला. चप्पल घालून चालता यावं म्हणून या देशाला संसदेत कलम लिहावं लागलं!

बाबासाहेबांना हे कधीच कळलं होतं. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी आपल्या बायांना सांगितलं, जात दाखवणारी लुगडं नेसायची रीत सोडा. बाया दुसऱ्या दिवशी लुगडं घोट्यापर्यंत नेसून आल्या. चाल बदलली. गावानं त्यालाही ताठाच म्हटलं असणार.

आता आपल्या घरचं बोलतो. बुटाची ही गोष्ट मी सभांतून सांगत हिंडलो. टाळ्या मिळाल्या. एका रात्री जेवून तसाच उठलो, तर आई म्हणाली, 'बाहेर ताठ चालतूस, ते ब्येस. पण घरात ताठा कशाला? सोताचं ताट उचलाया कंबर वाकंना व्हय?' बायको काहीच बोलली नाही. ताट तिनंच उचललं.

त्या रात्री मला फरक कळला. ताठ चालायला समोर कुणी वाकलेलं लागत नाही. ताठ्याला लागतं. पाटलाच्या पोराला माझा आज्जा लागत होता. मला माझी बायको लागत होती. आमच्या पुढाऱ्यांना सतरंज्या उचलणारी तुमच्यासारखी पोरं लागतात.

तेव्हा गावानं ताठा म्हटलं म्हणून मान खाली घालू नका. आणि मान वर काढल्यावर आपल्यापुढं कोण वाकलंय, हेही बघा.

जयभीम.