मत एकगठ्ठा नसतं



१० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी झाली. अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण असावा, यावर तिथे सामान्य मतदार मत देतात. त्या राज्यातल्या डिअरबॉर्न शहरात अरब मुस्लिमांची मोठी वस्ती आहे. तिथल्या दोन दोस्तांची कल्पना करा.

एक म्हणतो, "मत सँडर्सनाच. २००२ मध्ये इराक युद्धाच्या ठरावाला त्यांनी विरोध केला, बायडन यांनी पाठिंबा दिला."

दुसरा म्हणतो, "खरंय रे, पण ट्रम्पना हरवू शकतील ते बायडनच."

दोघेही मुसलमान, दोघेही प्रामाणिक. मग ‘मुस्लिमांचं एकगठ्ठा मत’ म्हणतात ते कुठलं?

बायडन जिंकले. पण तिथे किमान १५ टक्के मतं मिळवणाऱ्यालाही त्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतात, म्हणून पहिल्याचं मत वाया गेलं नाही. पुढे एप्रिलमध्ये सँडर्सनी माघार घेऊन बायडन यांनाच पाठिंबा दिला.

आपल्याकडेही ‘समाजाचं मत अमक्यालाच’ असं परस्पर ठरवणारे भेटतात. त्यांना कारण विचारा. मित्रालाही विचारा, त्याच्याशी वाद घाला. पण उमेदवार वेगळा निवडला म्हणून त्याला कौमचा गद्दार म्हणू नका.