दार उघडं असावं, ओढाओढ नसावी

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा दुसऱ्यापर्यंत पोचवायची ती बोलून की वागून, हा आजचा माझा विषय. विषय ऐकताच काही जणांच्या कपाळाला आठी पडेल. ‘पोचवायचीच कशाला? आपला धर्म आपल्या घरात ठेवा की!’ असं त्यांना वाटेल. माझ्याच मंडळीतले काही जण उलट म्हणतील, ‘यात प्रश्न कसला? सांगायची असते म्हणून तर तिला सुवार्ता म्हणतात.’ या दोघांच्या मध्ये उभं राहून मला चार गोष्टी सांगायच्या आहेत.

मी अहमदनगर जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. आमच्या घरात ख्रिस्ती श्रद्धेची ही चौथी पिढी. लहानपणी मी दोन्ही प्रकार पाहिले. पेटी आणि झांजा घेऊन चावडीपुढे ख्रिस्ती कीर्तन करणारे बुवा पाहिले. दिवसभर गावातल्या बायकांची बाळंतपणं करणाऱ्या आणि धर्माबद्दल चकार शब्द न काढणाऱ्या नर्सबाईही पाहिल्या. गावाला बुवांचं कीर्तन आवडायचं आणि नर्सबाईंचा आधार वाटायचा. यातलं खरं ‘प्रचाराचं’ काम कुणाचं, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. आता तो पडतो, कारण दिवस बदलले आहेत. धर्मांतर हा शब्द उच्चारला तरी आवाज चढतात.

आमच्या मंडळींत एक वाक्य फार फिरतं. त्याचा आशय असा, की सुवार्ता सदैव सांगत राहा आणि गरज पडली तरच शब्द वापरा. हे वाक्य असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर खपवलं जातं. गंमत अशी, की त्याच्या लेखनात ते कुठेही सापडत नाही. आणि फ्रान्सिस स्वतः तर गावोगाव फिरून बोलणारा माणूस! धर्मयुद्ध पेटलेलं असताना १२१९ मध्ये तो इजिप्तच्या सुलतानाला भेटायला गेला, तलवार न घेता. १२२१ च्या आपल्या नियमावलीत त्याने मुसलमानांमध्ये जाणाऱ्या बंधूंना दोन मार्ग सांगितले. पहिला, वादविवाद करू नका, सर्वांचे नम्र सेवक होऊन राहा आणि आपण ख्रिस्ती आहोत हे लपवू नका. दुसरा, देवाची इच्छा आहे असं दिसेल तेव्हा वचन सांगा. मला या दोन मार्गांतलं ‘दिसेल तेव्हा’ फार मोलाचं वाटतं. म्हणजे बोलण्याला मनाई नाही, पण बोलण्याची वेळ आपल्या उत्साहाने ठरत नाही.

बायबलमध्ये काय आहे? खरं सांगायचं तर दोन्ही आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी शिष्यांना सर्व राष्ट्रांत जाऊन शिकवण्याची आज्ञा आहे. त्याच शुभवर्तमानात, लोकांनी तुमची चांगली कामं पाहावीत असा प्रकाश पाडा, असंही सांगितलं आहे. पौल म्हणतो, विश्वास ऐकण्याने येतो. याकोब म्हणतो, कृती नसलेला विश्वास मेलेला आहे. ज्याला जे हवं ते त्याने उचलावं, अशी सोयच आहे म्हणा ना! पण पेत्राच्या पहिल्या पत्रातली एक सूचना या दोघांना जोडते. तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने, आदराने द्या, असं तो सांगतो. इथे क्रम पाहा. आधी समोरचा विचारतो, मग आपण बोलतो. समोरच्याला विचारावंसं वाटेल असं आपलं जगणं हवं. आणि त्याने विचारल्यावर गप्प बसलो तर तोही खोटेपणाच.

मग दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आठवते. येशूने दहा जणांना बरं केलं. आभार मानायला परत आला एकटा, तोही परका, शोमरोनी. बाकीचे नऊ का आले नाहीत, असं येशूने विचारलं जरूर. पण त्या नऊ जणांचा रोग परत आला, असं कुठे लिहिलेलं नाही. बरं होण्याला अट नव्हती. सेवेचा हा हिशेब आम्हां ख्रिस्ती लोकांनी नीट ध्यानात ठेवायला हवा. दहातले नऊ परत येणार नाहीत, हे धरूनच सेवा करायची.

आता महाराष्ट्राकडे वळू. कारण हा वाद आपल्याकडे पुस्तकी नाही, तो माणसांनी जगून पाहिलेला आहे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव मराठी माणसाला सांगायला नको. त्यांच्या आयुष्यात ख्रिस्ती विचार आला तो रेल्वेच्या डब्यात. एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्याशी चर्चा केली आणि बायबल हातात ठेवलं. पुस्तक घेतलं, वाचलं, मनात वाद घातला आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे सुरुवात शब्दाने झाली. पण त्यांच्या घरात काय झालं? लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढे टिळक कीर्तनं करत होते, अभंग लिहीत होते, लोक डोलत होते. पण बायकोचं मन त्या शब्दांनी वळलं नाही. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दिसतं, की लक्ष्मीबाई आपल्या पायांनी, आपल्या गतीने चालल्या. माणसामाणसांत देवाने भेद केला असेल का, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. सोवळंओवळं सुटलं ते त्यांच्याच विचाराने. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इतकी वर्षं टिळकांना थांबावं लागलं. जगाला सांगणाऱ्या माणसाला घरात थांबायला शिकावं लागतं, हे मला त्या पुस्तकाने शिकवलं.

टिळकांची आणखी एक गोष्ट. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तप्रेमी येऊ शकत. पगारासाठी बोलणारा माणूस आणि अंतरीच्या ओढीने बोलणारा माणूस, यांतला फरक ऐकणाऱ्याला कळतो, हे त्या कवीला उमगलं असावं.

दुसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं, आणि ते अधिक अवघड आहे. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, मग ते पुण्यात आलं. तरुण विधवांना शिक्षण द्यायचं आणि धर्माच्या बाबतीत कुणावर दडपण आणायचं नाही, असं ठरलं होतं. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार होती. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं असे. काही मुली जाऊन बसू लागल्या. झालं! १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

यात चूक कुणाची? रमाबाईंचं म्हणणं होतं, की मी कुणाला बोलावत नाही, पण येणाऱ्या मुलीच्या तोंडावर दार लावणार नाही. मला हे पटतं. स्वतःच्या घरात दार लावून प्रार्थना करायला लावणं म्हणजे धर्म लपवायला लावणं. पण पालकांची भीतीही मला समजते. ज्या बाईच्या हातचं अन्न आपण खातो, जी आपल्याला अक्षर शिकवते, तिच्या खोलीत जाणारी बारा-चौदा वर्षांची मुलगी किती मोकळेपणाने जाते आणि किती ऋणाने, हे कोण सांगणार? पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून अनाथ मुली केडगावच्या मुक्ती सदनात आल्या, तेव्हा हा प्रश्न आणखी टोकदार झाला. त्या मुलींना रमाबाईंनी मरणाच्या दारातून ओढून काढलं, यात शंका नाही. पण भुकेल्या माणसाला ‘नको’ म्हणता येतं का?

माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. प्रश्न शब्द की कृती हा नाहीच. समोरच्याला ‘नाही’ म्हणता येतं का, हा खरा प्रश्न आहे. जिथे त्याला सहज ‘नाही’ म्हणता येतं, उठून जाता येतं, उलट प्रश्न विचारता येतो, तिथे जरूर बोला. बरोबरीच्या मित्राशी बोला, व्याख्यानात बोला, लिहा, गा. जिथे त्याला ‘नाही’ म्हणणं जड जातं, तिथे तोंड आवरा आणि हात चालू ठेवा. चावडीपुढचं कीर्तन कंटाळवाणं झालं तर माणूस धोतर झटकून घरी जाऊ शकतो. खाटेवर पडलेला रोगी कुठे जाणार? मिशनच्या कितीतरी दवाखान्यांत पूर्वी वॉर्डावॉर्डांतून सुवार्तिक फिरत. त्यांचा हेतू चांगला असेल, पण हाताला सलाइन लावलेल्या माणसाला दिलेला उपदेश हा संवाद नव्हे. मिरजेला डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं. तिथे दूरदूरचे लोक आले ते चांगल्या शस्त्रक्रियेसाठी. चांगली शस्त्रक्रिया ही स्वतःच पूर्ण गोष्ट आहे, तिला शेपूट जोडावं लागत नाही.

कायदाही याच वाटेने जातो. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा तो हक्क नव्हे. या निकालावर अनेक ख्रिस्ती विचारवंत नाराज झाले. त्यातली कायद्याची बाजू बाजूला ठेवून मला एवढंच म्हणायचं आहे, की माणसाला ‘बदलणं’ हे काम आमच्या श्रद्धेनुसारही आमचं नाहीच. ते त्याच्या आणि देवाच्या मधलं. आम्ही फार तर दार उघडं ठेवायचं.

पण श्रोतेहो, याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आमचे काही आजी-आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा ‘पोटासाठी बाटले’ असे टोमणे त्यांना ऐकावे लागले. हे टोमणे मारणारे विसरतात, की त्यांतल्या कितीतरी जणांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं आणि शाळेत बसायला जागा नव्हती. कुणीतरी त्यांना ‘ये, बस’ म्हटलं आणि ते जाऊन बसले. गरिबाला डोकं नसतं, तो विकलाच जातो, असं समजणं हाही त्याचा अपमानच आहे. आमिष दाखवणं वाईट, तसंच गरिबाची श्रद्धा ही आमिषाचीच असणार असं गृहीत धरणंही वाईट.

आणि नुसती कृती नेहमी पुरते असंही नाही. १९९९ च्या जानेवारीत ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, मनोहरपूर गावी ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं यांना गाडीत जिवंत जाळण्यात आलं. कुष्ठरोग्यांमध्ये त्यांनी कित्येक वर्षं काम केलं होतं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी त्यानंतर जाहीरपणे सांगितलं, की मी मारेकऱ्यांना क्षमा केली आहे. त्या पुढेही काही वर्षं बारिपदाला राहून तेच काम करत राहिल्या. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती क्षमा त्यांनी मनातच ठेवली असती तर? ती बोलायलाच हवी होती. त्या वेळी शब्द हीच कृती होती. पण त्या शब्दाला वजन आलं ते आधीच्या आणि नंतरच्या सेवेमुळे. गर्दी जमवून ध्वनिक्षेपकावरून दिलेल्या शंभर प्रवचनांना ते वजन येणार नाही.

पंडिता रमाबाईंकडे पुन्हा एकदा पाहू आणि थांबू. हजारो जणींना अन्न, वस्त्र, शिक्षण दिल्यावर ‘माझी कृतीच बोलते’ असं म्हणायला त्या मोकळ्या होत्या. पण आयुष्याची अखेरची बरीच वर्षं त्यांनी शब्दांमागे घालवली. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी मूळ बायबलाचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, शिकलीसवरली नसलेल्या बाईलाही कळेल असं. मुक्ती सदनातल्या मुलींनीच त्याचे खिळे जुळवले. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, तोवर त्यांनी ते काम पुरं करत आणलं होतं. आपण हे सगळं का करतो, हे कधीतरी सांगावंच लागतं. मात्र त्यासाठी त्यांनी पुस्तकाची वाट धरली, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुस्तक वाचणाऱ्याच्या मागे लागत नाही. ते उघडायचं की नाही, आणि उघडलं तर कोणत्या पानावर मिटायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.