खुलभर दूध

(झरी, जिल्हा परभणी येथे प्रौढ साक्षरता वर्गातील मंडळींपुढे केलेले भाषण)



आज मी तुम्हांला नवी गोष्ट सांगणार नाही. इथल्या बऱ्याच मायबहिणींना ती पाठ असेल. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी. खुलभर म्हणजे लहानशा भांड्यात मावेल एवढे. गोष्ट जुनीच आहे. पण माणसाचे दिवस पालटले, की गोष्टीचा अर्थही पालटतो. तो कसा, ते आपण पाहू.

आधी गोष्ट आठवू या. एका नगरात एक राजा होता. महादेवाचा मोठा भक्त. देवाचा गाभारा दुधाने भरावा, असे त्याच्या मनात आले. त्याने दवंडी पिटवली : घरात असेल तेवढे सगळे दूध सोमवारी देवळात आणून घाला. लोक भ्याले. कुणी वासराला दूध पाजले नाही, कुणी लेकराला दिले नाही. सगळ्या गावाचे दूध गाभाऱ्यात पडले. तरी गाभारा भरेना.

दुपारी एक म्हातारी आली. तिने वासरांना पाजले होते. नातवंडांना दिले होते. सुनांना तृप्त केले होते. उरलेले खुलभर दूध तिने देवावर वाहिले, आणि गाभारा भरून गेला!

राजाला हे कळले. त्याने एका सोमवारी स्वतः बसून पाहिले आणि म्हातारीला विचारले. अभय मिळाल्यावर ती म्हणाली, "राजा, तुझ्या हुकमानं वासरं अन्‌ लेकरं उपाशी तळमळली. ते देवाला कसं रुचावं?" मग राजाने सगळ्यांना पोटभर देऊन उरलेले दूध वाहायला सांगितले. तेव्हा त्याचाही गाभारा भरला.

औंढ्या नागनाथाचा गाभारा तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. खाली उतरून, वाकून जावे लागते. जागा ती केवढी! तेवढीशी जागा गावाच्या दुधाने भरू नये, हे नवलच. म्हणून ही गोष्ट मनात राहते.

आता अर्थाकडे वळू. आपल्या आज्या ही कहाणी भक्तीची म्हणून सांगत. देवाला घागरी नकोत, भाव हवा. गरिबाचे थोडेसेही त्याला पोचते. ज्याच्या घरी एकच शेळी, त्याला या अर्थाने धीर येई.

पण ऐकायला सुनाही बसत. घरात त्यांचे जेवण सगळ्यांच्या मागून. उरले तर खायचे. त्यांच्या कानांवर काय पडे? म्हातारीने सुनांना आधी दिले, मग देवाला. सासू सांगे भक्तीची गोष्ट, आणि सून ऐके पोटाची गोष्ट. एकाच ओसरीवर एकाच कहाणीचे दोन अर्थ होत.

पुढचा काळ पाहा. आपला परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले. त्याआधी, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, शेतकऱ्याकडून लेव्हीचे धान्य सक्तीने घेत. ज्याच्या खळ्यावरून धान्य गेले, त्याने ही कहाणी ऐकली असेल, तर त्याला ती कशी लागली असेल? 'राजाचा हुकूमही चुकू शकतो, आणि एक म्हातारी ते त्याला तोंडावर सांगू शकते!' तीच कहाणी, पण आता ती न्यायाची झाली.

हे आपल्याकडेच होते असे नाही. युरोपात लाल टोपीच्या मुलीची गोष्ट आहे. मुलगी आजीकडे निघते. वाटेत लांडगा तिला बोलण्यात गुंतवतो. फ्रान्स देशात पेरो नावाच्या लेखकाने १६९७ साली ती छापली. तिच्यात लांडगा मुलीला खातो, आणि गोष्ट संपते. मुलींनी गोडबोल्यांना भुलू नये, हा तिचा बोध. पुढे जर्मनीत ग्रिम नावाच्या दोन भावांनी १८१२ साली ती छापली. तिच्यात शिकारी येतो, लांडग्याचे पोट फाडतो, आणि मुलगी व आजी जिवंत बाहेर येतात. आज कुणी विचारतो, 'दोष लांडग्याचा, मग बोध एकट्या मुलीलाच का?' मुलगी तीच, लांडगा तोच. विचारणारा बदलला.

आता आपण आपल्या काळात येऊ. १९७० साली देशात दुधाचा महापूर ही योजना सुरू झाली. गावोगावचे दूध शहरांना जाऊ लागले. १९९८ साली दुधाच्या उत्पादनात भारत जगात पहिला झाला. ही मोठी गोष्ट आहे. डेअरीला दूध घातले, की दुधाचा पगार येतो. त्यातून मुलांची वह्या-पुस्तके येतात, दुकानाची उधारी फिटते. याला कुणी नावे ठेवू नयेत.

पण कहाणी आपल्याला आज काय विचारते? आता दवंडी पिटणारा राजा नाही. तरी सगळे दूध घराबाहेर जात नाही ना? २०१९ ते २०२१ या काळात देशात कुटुंबांच्या आरोग्याची सरकारी पाहणी झाली. महाराष्ट्रात पाच वर्षांच्या आतल्या दर १०० लेकरांत सुमारे ३५ लेकरे वयाच्या मानाने उंचीला कमी भरली. निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. दूध न मिळणे हे काही त्याचे एकच कारण नव्हे. घाण पाणी, आजारपण, अपुरे अन्न, ही कारणेही आहेतच. पण सर्वांत आधी कुणाला वाढायचे, हा प्रश्न म्हातारीचाच आहे.

कुणी म्हणेल, "बाई, दूध विकलं नाही तर खावं काय?" खरे आहे. म्हातारीनेही दूध देवळात नेलेच की! तिने फक्त क्रम बदलला. आधी वासरू. गाय-म्हैस व्याली, की पहिल्या एक-दोन तासांत वासराला चीक पाजावा. सगळ्या चिकाचा खरवस करू नये. चिकाने वासराला रोगाशी झगडण्याचे बळ येते. आजची वगार जगली, तर उद्याची म्हैस दारात उभी राहील. मग लेकरे आणि सून. वर्षावरच्या लेकराला रोज कपभर दूध राखावे. तान्ह्याला मात्र सहा महिने आईचेच दूध, दुसरे काही नाही. म्हणून आईच्या पोटाला आधी मिळाले पाहिजे. हे झाले, की उरलेले दूध डेअरीला घाला. तोही खुलभर दुधाचाच मान.

आणि राजाचे काय? आता मत देणारे आपणच राजे आहोत. १९७५ सालापासून लेकरांसाठी अंगणवाडीची योजना चालू आहे. तिथला आहार वेळेवर येतो का, चांगला असतो का, हे ग्रामसभेत उभे राहून विचारता येते. म्हातारीला आधी अभय मागावे लागले. तुम्हांला तो हक्कच आहे.

आजवर आपण कहाणी ऐकली. सांगणाऱ्याने जो अर्थ सांगितला, तोच घेतला. आता तुम्हांला वाचता येते. कहाणीचे पुस्तक स्वतः उघडा. घरी मोठ्याने वाचा. सासूसमोर वाचा, सुनेसमोर वाचा, पोरांसमोर वाचा. मग सगळ्यांना एकच विचारा : राजाचा गाभारा का भरला नाही?

प्रत्येकाचे उत्तर ऐकून घ्या. सर्वांत लहान पोराचेही ऐका.