सायंकाळचें एक प्रार्थनागीत

सूर्यास्त झाला कीं सैन्यानें शस्त्रें खालीं ठेवून छावणीकडे परतावें, असा युद्धाचा एक जुना शिष्टाचार होता. त्याची आठवण म्हणून दरवर्षीं २९ जानेवारीस दिल्लींतील विजय चौकांत ‘बीटिंग रिट्रीट’ हा समारंभ होतो. कित्येक दशकें त्याच्या अखेरीस ढोलांचा गजर थांबे, घंटांचा मंद नाद उठे, आणि ‘अबाइड विथ मी’ ह्या ख्रिस्ती प्रार्थनागीताचे स्वर मावळत्या प्रकाशांत पसरत. २०२२ सालीं ही धून कार्यक्रमांतून वगळण्यांत आली. घटना लहानशी खरी; परंतु एका धर्माचें गीत साऱ्या राष्ट्राचें होऊं शकतें काय, हा मोठा प्रश्न तिच्या पोटांत आहे.

ह्या गीताचा जन्म कोणत्याहि राजदरबारीं झालेला नाहीं. हेन्‍री फ्रान्सिस लाइट हे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रिक्सम ह्या कोळ्यांच्या गांवीं धर्मोपदेशक होते. क्षयानें त्यांचें शरीर पोखरलें होतें. १८४७ च्या सप्टेंबरांत त्यांनीं आपल्या मंडळीचा निरोप घेतला, त्याच सुमारास हें गीत लिहिलें, असें त्यांच्या कुटुंबीयांनीं सांगितलें आहे. त्याच वर्षीं २० नोव्हेंबरला नीस येथें त्यांचा अंत झाला. अंधार वाढत असतां ‘तूं माझ्यापाशीं राहा’ असें देवाला विनविणें, एवढाच गीताचा आशय. विल्यम हेन्‍री मंक ह्यांनीं १८६१ मध्यें त्यास संथ चाल दिली. शिकल्यावांचूनहि चारचौघांना एकत्र गातां यावी, अशी ती चाल आहे.

ह्या चालीच्या आधारें गीत प्रार्थनामंदिराच्या भिंती ओलांडून बाहेर पडलें. १९१५ सालीं ब्रुसेल्स येथें देहान्ताची शिक्षा झालेल्या ईडिथ कॅव्हेल ह्या परिचारिकेनें शेवटच्या रात्रीं भेटीस आलेल्या धर्मोपदेशकासह हेंच गीत म्हटलें. १९२७ पासून लंडनमधील फुटबॉलच्या मोठ्या अंतिम सामन्यापूर्वीं तें हजारों प्रेक्षक गाऊं लागले. त्यांतील कितीजण रविवारीं उपासनेस जात असतील, हें कोण सांगणार? मृत्यूच्या छायेंत रचलेलें गीत खेळाच्या मैदानावर लोकगीतासारखें रुळलें.

हिंदुस्थानांत त्याला ज्यांच्यामुळें घरोबा लाभला, ते महात्मा गांधी. हें त्यांच्या आवडीचें प्रार्थनागीत होतें. त्यांच्या आश्रमांतील प्रार्थनेची घडण ध्यानीं घेतली, म्हणजे ह्या आवडीचें नवल वाटत नाहीं. त्या प्रार्थनेला स्वरांची शिस्त लावणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुसकरांचे मराठी शिष्य. त्यांनीं सिद्ध केलेल्या भजनावलींत तुकोबांचे अभंग आणि ख्रिस्ती गीतें एकाच पंक्तीस बसलीं. तेथें गीताची जात विचारली जात नसे. त्यांतील आर्तता खरी आहे कीं नाहीं, एवढेंच पाहिलें जाई.

२०२२ मधील निर्णयाचें समर्थन असें होतें कीं, स्वतंत्र राष्ट्राच्या समारंभांत स्वदेशी धुना वाजाव्या. हा विचार तुच्छ लेखण्याजोगा नाहीं. त्या जागीं आलेलें ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हें गीतहि थोर आहे. १९६२ च्या युद्धांत कामीं आलेल्या जवानांसाठीं कवि प्रदीप ह्यांनीं तें लिहिलें, आणि २७ जानेवारी १९६३ रोजीं लता मंगेशकरांनीं तें दिल्लींत गाइलें. विजय चौकांत ती धून वाजल्यावर आठच दिवसांनीं लताबाई निवर्तल्या. त्यामुळें अनेकांच्या मनांत त्या सायंकाळचें मोल अधिकच वाढलें.

परंतु स्वदेशीची ही रेघ संगीतांत किती दूरवर ओढतां येईल? ह्या गीताचे संगीतकार सी. रामचंद्र हे गोदाकांठच्या पुणतांब्याचे. त्यांनीं चित्रपटांत पाश्चात्त्य ताल आणि वाद्यें मनमोकळेपणें आणलीं, म्हणून त्यांचें संगीत परकें ठरलें नाहीं. विजय चौकांतील बिगुल आणि बॅगपाइप कोठून आले, हेंहि सर्वांस ठाऊक आहे. जें आपण जिव्हाळ्यानें वापरतों, तें हळूहळू आपलें होतें. आणि ह्या प्रार्थनागीताला तर येथें कित्येक दशकांची वहिवाट होती.

ख्रिस्ती श्रद्धेचें ह्या निर्णयानें कांहीं अडणार नाहीं. आजारी माणसाच्या उशाशीं आणि मृताच्या शवपेटीपाशीं तें गीत पूर्वींप्रमाणेंच म्हटलें जाईल. हानि झाली असेल, तर ती समारंभाची. शस्त्रांच्या वैभवाचें प्रदर्शन संपतां संपतां माणूस दुर्बल आहे, त्याला सोबत हवी आहे, अशी कबुली सैन्याच्याच वाद्यांतून उमटत असे. आणि ती गांधीजींच्या पुण्यतिथीच्या आदल्या सायंकाळीं. नव्या गीतांत वीरांविषयीं कृतज्ञता आहे, अश्रूहि आहेत. परंतु प्रार्थनेची ती विनवणी निराळी. दोहोंना एकाच सायंकाळीं जागा देणें अशक्य नव्हतें.

लूकच्या शुभवर्तमानांतील ज्या प्रसंगावर हें गीत उभें आहे, तो येथें आठवावा. येशूच्या मृत्यूनंतर दोन शिष्य अम्माऊस गांवीं निघाले असतां वाटेंत एक अनोळखी पांथस्थ त्यांच्यासंगें चालूं लागला. दिवस कलला, तेव्हां त्यांनीं त्याला आग्रहानें घरांत नेलें. तो कोण, हें त्यांना भाकरी मोडतांना कळलें. अगत्य मात्र त्यापूर्वींच झालें होतें. तिन्हीसांजेला दारीं आलेल्यास विन्मुख पाठवूं नये, ही आपल्याकडील घराघरांची रीतहि ह्याहून वेगळी नाहीं.